एका दाढेचा रोजा

पहाटेचं कौतुक करणारी माणसं बहुधा सात वाजता उठतात. माझा मार्केट यार्डात केळीचा गाळा आहे, त्यामुळे पहाटेशी माझा संबंध रोजचा आहे आणि तो फारसा गोडीचा नाही. चारच्या सुमाराला स्वेटर चढवून, चपला हातात घेऊन मी जिना उतरतो. गुलटेकडीची आमची इमारत तेव्हा गाढ झोपेत असते. वर्षातला एक महिना मात्र पहिल्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात दिवा दिसायचा आणि पातळ मूगडाळ खिचडीचा वास जिन्यात यायचा. तो महिना रमझानचा आणि ते घर शमीम टीचरांचं. खिचडी पातेल्यात शिजायची, कारण कुकरच्या शिट्टीने शेजारी जागे होतील. मिक्सरलाही त्या महिन्यात सकाळपर्यंत सुट्टी असे. "दुसऱ्याची झोप मोडून मिळवलेला सवाब मला नको," असं टीचर म्हणायच्या. सवाब म्हणजे पुण्य. आमच्या इमारतीत गणपतीच्या आरतीला माइक लावणाऱ्यांनी हे वाक्य ऐकलं होतं.

टीचर मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाल्या होत्या. उंच, सडसडीत, सलवार-कमीजखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात काळ्या दोरीला लोखंडी शिट्टी. निवृत्तीनंतरही शिट्टी गळ्यातच. ओढणीखाली असायची, पण असायची. मी एकदा विचारलं, "टीचर, आता ही कशाला?" तर म्हणाल्या, "तुम्ही गाळ्यावरून घरी आल्यावर केळी ओळखायचं विसरता का?" हात पाठीमागे बांधून त्या कॉरिडॉरमधून चालू लागल्या की जिन्यात रेंगाळणारी पोरं आपोआप ताठ व्हायची. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी शर्ट खोचायचे. मी स्वतः पोट आत घेत असे. ते खोटं कशाला सांगू.

रमझानात इमारतीतली चारदोन मुलं सहेरीला, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या खाण्याला, त्यांच्याकडे जात. कुणाची आई पहाटेच कामाला निघालेली असे, कुणाच्या घरी सहेरी म्हणजे रात्रीचा खिमा आणि तेलात भिजलेले पराठे, ते लहान पोटाला झेपत नसत. पण टीचरांकडे सरळ जाऊन बसता येत नसे. आदल्या संध्याकाळी मुलाखत व्हायची. काल नीट झोपलास का, उद्या शाळेत खेळाचा तास आहे का, हे विचारून झालं की त्या थोडं वाकून शेवटचा प्रश्न विचारत. "चक्कर आली तर कुणाला सांगशील?" जो पोरगा छाती काढून "कुणालाच नाही सांगणार" म्हणे, त्याचा रोजा तिथेच रद्द. त्याला त्या एका दाढेचा रोजा देत. एका दाढेचा म्हणजे दिवसभर खायचं-प्यायचं सगळं, पण तोंडाच्या एकाच बाजूने. दुसरी बाजू रोज्याला. लहान मुलांचं समाधान करायची ही त्यांच्या घरातली जुनी रीत. पोरं शाळेत डबा खाताना एक गाल फुगवून बसत आणि घरी येऊन अभिमानाने सांगत की डावी बाजू अजून उपाशी आहे.

"आणि ज्याला हो म्हटलं," टीचर सांगत, "त्याला उठवायचं. उठवायचं म्हणजे उठवायचं. मग तो कितीही गोड झोपलेला असू दे."

त्या दारावर बोटाच्या पेराने टकटक करत. मूल आलं की आधी कोमट पाणी, थोडं थोडं. मग त्याला कॉरिडॉरमध्ये एक फेरी मारायला लावत. त्यांचं म्हणणं, या वेळी मुलाचे डोळे उघडतात पण पोट झोपलेलंच असतं, त्याला दामटून भरलं तर ते दिवसभर सूड घेतं. मग एक खजूर. मग छोट्या वाटीत दलिया किंवा ती पातळ खिचडी, बाजूला दही, उकडलेलं अंडं, शेवटी केळं. लोणचं, पापड, चिवडा यांना बंदी, कारण त्याने तहान लागते. बाजारातली साखरेची फेणी दुधात भिजवून कुणी आणली तर त्या ती ईदसाठी झाकून ठेवत. वाटी मुलाने घरून आणायची आणि स्वतः धुवून न्यायची. कुणाचं पोट भरलं आणि वाटीत दोन घास उरले तर टीचर ते खायला लावत नसत. "आईचं मन भरेपर्यंत मुलाने खायचं नसतं," हे त्यांनी माझ्या बायकोलाही ऐकवलं होतं. आमचा नातू त्या दिवशी फार खूश होता.

केळी माझ्याकडून जायची. पहिल्या वर्षी मी चांगली लांबसडक, पिवळीधम्मक फणी दिली. संध्याकाळी ती परत आली.

"भाऊ, ही दिसायला छान आहेत. पूजेला ठेवा. मला ठिपके पडलेली द्या."

"टीचर, ठिपक्यांची आम्ही बाजूला काढतो. लोक घेत नाहीत."

"लोक शोभेसाठी घेतात. मी पोटासाठी घेते."

"आमच्या घराण्यात तीन पिढ्या केळी विकतायत, टीचर."

"मग चौथीला शिकवा," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून ठिपकेवाल्या केळ्यांची फणी त्यांच्या नावाने वेगळी ठेवली जाई. गाळ्यावरचे हमाल तिला 'टीचरची फणी' म्हणत.

एका दुपारी मी जिन्यात सहज म्हणालो, "झोपू द्या की हो टीचर बिचाऱ्यांना. नाही उठवलं तर सकाळी विसरूनही जातील." मला वाटलं होतं, हसतील. त्यांचा चेहराच उतरला. त्या पायरीवर बसल्या. टीचर पायरीवर बसलेल्या मी आधी कधी पाहिल्या नव्हत्या.

"भाऊ, एकदा झोपू दिलं होतं," त्या म्हणाल्या.

त्यांचा मुलगा इम्रान तेव्हा आठ वर्षांचा. ऐन मे महिना. रात्री त्याने रोजा ठेवू का विचारलं, यांनी हो म्हटलं. पहाटे उठवायला गेल्या तर पोरगा घामाने केस कपाळाला चिकटवून असा झोपलेला की त्यांना उठवणं जिवावर आलं. पांघरूण नीट करून त्या परत आल्या. इम्रान उन्हं आल्यावर उठला. रोजा त्याने तसाच धरला. मित्राकडे खाल्लं म्हणून सांगितलं आणि दिवसभर मैदानात होता. संध्याकाळ व्हायच्या आधी नळाजवळ पडलेला सापडला. नळ चालू होता आणि पोराचे ओठ कोरडे होते. सलाईन लावावं लागलं. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "अम्मी, तू उठवलं नाहीस." त्या रात्री त्याने सुतळीचं एक टोक स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं आणि दुसरं आईच्या. आई उठली की सुतळी ओढली जाणार. उरलेला सगळा महिना तो तसाच झोपला.

"मला सुतळी सोडून उठता आलं असतं," टीचर म्हणाल्या. "पण मग त्याला सकाळी कळलं असतं."

त्या उठल्या, ओढणी झटकली आणि वर निघून गेल्या.

इम्रान मोठा होऊन हिंजवडीत कंपनीत लागला. लग्न झालं, मुलगी झाली, भाड्याने तिकडेच राहू लागला. मग मांजरीला त्याने फ्लॅट घेतला आणि तो ताब्यात यायला उशीर होत गेला, म्हणून बायको नाझनीन आणि मुलगी झोया यांना घेऊन तो काही महिने आईकडे येऊन राहिला. झोया नऊ वर्षांची. आजीची उंची आणि आजीचीच मान. गप्प बसून एखादी गोष्ट मनात धरण्यात तर आजीच्याही पुढे. मला ती केळीवाले आजोबा म्हणायची.

त्या हिवाळ्यात झोयाला डेंग्यू झाला. इम्रानने हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये रात्री काढल्या. मी भेटायला गेलो तेव्हा तो प्लेटलेटचे आकडे सांगत होता आणि मध्येच थांबून भिंतीकडे बघत होता. पोरगी बरी झाली, पण चेहरा बोटभर झाला. नंतर काही आठवड्यांनी रमझान सुरू झाला, आणि झोयाने जाहीर केलं की या वर्षी ती पहिला रोजा ठेवणार. तिच्या मामेबहिणीची रोजाकुशाई आदल्या वर्षी झाली होती. मुलाने पहिला पूर्ण रोजा ठेवला की नातेवाईक जमतात, नवे कपडे, गळ्यात फुलांचा हार. त्या मुलीचा हारातला फोटो झोयाने आईच्या मोबाइलमध्ये इतक्या वेळा पाहिला होता की नाझनीनने तो शेवटी दुसरीकडे टाकला.

मी केळी द्यायला गेलो तेव्हा घरात त्याचीच जुंपली होती. दार उघडंच होतं. मी उंबऱ्यात.

"अम्मी, इस साल नक्को," इम्रान म्हणत होता. "नेक्स्ट इयर."

"मराठीत बोल. भाऊंनाही कळू दे."

"काका, तुम्हीच सांगा. आत्ता कुठे तिचे रिपोर्ट नॉर्मल आलेत."

मी म्हणालो, "मी केळी आत ठेवतो." दोन पुणेकरांच्या भांडणात तिसऱ्याने फार तर केळी ठेवावीत.

"मी तिला अंदाजाने रोजा ठेवू देणार आहे का?" टीचर म्हणाल्या. "रविवार बघू, घरात बसवू, पहाटे नीट खायला घालू. तिने तोंडाने विचारलंय, इम्रान. विचारलेल्या पोराला फसवू नये. तू सुतळी विसरलास?"

"नाही विसरलो." इम्रानचा आवाज एकदम खाली आला. "म्हणूनच सांगतोय. मी पडलो होतो, अम्मी. तुला फक्त मी रुसलेलो ते आठवतं. मला मी पडलेलो ते आठवतं."

टीचरांनी गळ्यातली दोरी चाचपली. मग म्हणाल्या, "बाप तू आहेस. नाही उठवणार."

त्याच रात्री झोपताना झोयाने आजीला विचारलं, "दादी, मुझे उठाएंगे ना?" आणि ज्या बाईने उभ्या जन्मात कुठल्या पोराला अर्धवट उत्तर दिलं नाही, ती म्हणाली, "देखेंगे. सो जा." हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मुलाला नाही म्हणवलं नाही आणि नातीला नाही म्हणवलं नाही. सगळ्या गोष्टींचं मूळ त्या एका शब्दात होतं. झोया खुशीत झोपली.

पहाटे मी उतरलो तेव्हा टीचरांचं दार अर्धं उघडं होतं आणि त्या हातात रिकामी वाटी घेऊन आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघत उभ्या होत्या. बाकीची मुलं खाऊन गेली होती.

"काय झालं टीचर?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "आज एकीला उठवलं नाही."

दुपारी बाजार आटोपून मी घरी आलो, स्कूटर लावली, तोच टीचर जिन्यातून खाली आल्या. बूट घातलेले, पण एकाची नाडी सुटलेली. त्यांच्या हातात झोयाचा डबा होता आणि पाण्याची बाटली. दोन्ही भरलेली. चपलांच्या रॅकमागे सापडली होती. आणि सकाळचं दूध मोरीत ओतलेलं होतं, जाळीपाशी पांढरा ओघळ सुकला होता.

"रात्रीच्या जेवणानंतर तिच्या पोटात थेंब नाही," टीचर म्हणाल्या. "आज स्पोर्ट्सची प्रॅक्टिस आहे. गाडी काढा."

शाळेत फोन केला तर तो नुसता वाजत राहिला. जेवणाची सुट्टी असावी. इम्रानला फोन लागला. त्या दिवशीचं त्याचं बोलणं मागे बसलेल्या टीचरांच्या मोबाइलमधून मलाही ऐकू येत होतं. तो ओरडत नव्हता. "अम्मी, आधी पाणी पाज. काही विचारू नको, पाणी पाज. मी निघतो." हिंजवडीहून निघणं म्हणजे काय हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. टीचर म्हणाल्या, "पाजते," आणि फोन ठेवला.

मी गाडी चालवतो बऱ्यापैकी, पण त्या दिवशी मला सगळे सिग्नल आडवे आले. मार्च महिन्याचं ऊन, पण डोक्यात शिरणारं. स्वारगेटला एक बस अशी तिरकी उभी होती की तिच्या दोन्ही बाजूंनी काही जाईना. मी हॉर्न वाजवला. टीचरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि आरशात त्यांचे सुकलेले ओठ दिसत होते. त्यांचाही रोजा होता, हे मला तेव्हा आठवलं. पूर्ण रस्ताभर त्या एकच वाक्य बोलल्या, "तिला मी तिसरा प्रश्न विचारलाच नाही हो."

शाळेच्या फाटकावरच्या वॉचमनने अडवायला हात वर केला आणि टीचरांकडे बघून खाली घेतला. मैदान मोठं होतं आणि आम्ही होतो फाटकाशी. पलीकडच्या टोकाला चुन्याची रेघ मारलेली, तिच्यावर मुली ओळीने वाकून उभ्या. धावायच्या शर्यतीची तयारी. एक तरुण सर हात वर करून उभे. ओळीत दुसऱ्या टोकाला निळ्या रिबनवाली झोया. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले होते. बाकीच्या मुली पुढे बघत होत्या, झोया जमिनीकडे.

टीचर पळायला लागल्या. त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं मला माहीत होतं. चार पावलांतच त्यांना कळलं की पोचणार नाही. सरांचा हात खाली यायला लागला.

टीचरांनी शिट्टी वाजवली.

तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. सबंध मैदान जागच्या जागी थांबलं. खो-खो खेळणारी मुलं बसल्या जागी थांबली, सर हात अर्ध्यात ठेवून थांबले, फाटकावरचा वॉचमन सावधानमध्ये उभा राहिला. झोयाने वर पाहिलं. आजी दिसल्यावर ती सरळ उभी राहिली आणि मग हळूच खाली बसली, जणू गुडघ्यांना बसायची परवानगी मिळाली.

आम्ही पोचलो तेव्हा सरांनी तिला झाडाच्या सावलीत नेलं होतं. ओठ पांढरे पडले होते. टीचर तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि बाटलीचं झाकण उघडलं. झोयाने तोंड मिटून घेतलं.

"पाणी पी, बेटा."

तिने मान हलवली. "थोडंच राहिलंय."

थोडंच कुठलं? सूर्य डोक्यावर होता. सर काहीतरी बोलायला गेले, मी त्यांना खुणेने थांबवलं. मी पुरता घाबरलो होतो. मला वाटत होतं, टीचरांनी एका हाताने जबडा धरावा आणि पाणी ओतावं. माझ्या घरी मी तेच केलं असतं.

"चक्कर येतेय का?" टीचरांनी विचारलं.

"हो."

"कुणाला सांगितलंस?"

झोयाने बुटाच्या टोकाने माती उकरली. मग म्हणाली, "तुम्ही उठवलं नाही."

टीचरांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, ते मी शब्दांत मांडू शकत नाही. इतक्या वर्षांनी तेच वाक्य, त्याच आवाजात. त्यांनी स्वतःचा बचाव केला नाही. तुझ्या अब्बूने सांगितलं म्हणून, असं म्हणाल्या नाहीत. बाप तिथे नव्हता, त्याच्यावर ढकलणं अगदी सोपं होतं.

"नाही उठवलं," त्या म्हणाल्या. "नाही उठवणार हेही सांगितलं नाही. मी चुकले. तुझा रोजा खरा करायचा तर तुला पहाटे खायला मिळायला हवं होतं, आणि ते मी दिलं नाही. असला रोजा अल्ला लेकरांकडून मागत नाही. आता पाणी पी. रोजा आपण नीट ठेवू. तुझ्या अब्बूच्या समोर मी तुला उठवीन."

"शप्पथ?"

"शपथ नाही. उठवायचं म्हणजे उठवायचं."

झोयाने बाटलीकडे पाहिलं. मग तिने मान डावीकडून उजवीकडे कलती केली, बाटलीचं तोंड उजव्या गालाशी लावलं आणि तिरकी होऊन त्या बाजूने एक घोट घेतला. मग दुसरा. डाव्या बाजूला पाणी जाऊ नये म्हणून तिने तो गाल आत ओढून धरला होता. त्या तरुण सरांना वाटलं पोरीचं काहीतरी दुखतंय. टीचर मात्र ओढणी तोंडाशी धरून बसल्या होत्या, आणि त्या रडत होत्या. माझेही डोळे भरून आले. उन्हामुळे असेल असं मी घरी सांगितलं.

संध्याकाळी इम्रान आला तो चपला न काढता आत शिरला. मी ग्लुकोजचा डबा घेऊन आलो होतो, तो दारातच राहिलो. झोया पलंगावर रेलून खिचडी खात होती. बापाने तिच्या कपाळाला, हातांना, पायांना हात लावून पाहिलं. मग तो आईकडे वळला, आणि मी मनात म्हटलं, आता होतंय.

"मी नाही म्हटलं होतं," तो म्हणाला.

"म्हणून मी उठवलं नाही," टीचर म्हणाल्या. "आणि तिला नाही म्हणायला माझी जीभ उचलली नाही. तुला बोलायचं ते बोल. पण आता हे दोन्ही एकदम चालणार नाही. तिला नाही म्हणायचं असेल तर तिच्या डोळ्यांत बघून तू म्हण. हो म्हणायचं असेल तर तिला उठवायचं."

इम्रान काही बोलायच्या आत झोयाने मला हाक मारली. "केळीवाले आजोबा, सुतळी आहे?"

केळीवाल्याच्या खिशात सुतळी नसेल तर कुणाच्या असेल! मी काढून दिली. तिने वाटी बाजूला ठेवली, पलंगावरून वाकली आणि सुतळीचं एक टोक बापाच्या पायाच्या अंगठ्याला बांधायला लागली. चपला अजून त्याच्या पायातच होत्या, त्यामुळे तिला नीट जमेना. नाझनीन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने तोंड फिरवलं. इम्रान खाली बसला. त्याने चपला काढल्या. "असं नाही, निसटेल," तो म्हणाला आणि गाठ त्याने स्वतः मारून दिली.

झोयाचा पहिला रोजा रमझानच्या शेवटच्या रविवारी झाला. डॉक्टरांना विचारून, आदल्या रात्री लवकर निजवून. पहाटे मी उतरलो तेव्हा इम्रान ओट्यापाशी दलिया ढवळत होता आणि टीचर मागे हात बांधून चुका काढत होत्या. "गुठळी झाली. मुलगी तुझी आहे, सिमेंट नको करू." तो दिवस त्या घराने श्वास धरून काढला. झोयाला पलंगावरून उतरू दिलं नाही. दुपारी तिला झोप लागली तर इम्रान दर थोड्या वेळाने तिच्या नाकाशी बोट धरून बघत होता. मी उगाचच दोनदा त्यांच्याकडे जाऊन आलो. सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली, तिने खजूर तोंडात घातला, आणि आधी रडला तो इम्रान. हार मी मंडईतून आणला होता, मोगऱ्याचा. तो तिच्या गुडघ्यापर्यंत आला.

पुढे ते सगळे मांजरीला गेले. आईला इम्रानने बरोबर नेलं. टीचर जायला तयार नव्हत्या, पण साखर वाढली होती आणि एके सकाळी उजव्या हातातून वाटी गळून पडली. अर्धांगाचा सौम्य झटका होता. डॉक्टरांनी रोजे कायमचे बंद केले. हे मला फोनवर इम्रानने सांगितलं आणि वर म्हणाला, "काका, अम्मी बोलत नाही कुणाशी. आम्ही सहेरीला दिवा न लावता खातो, तिला जाग येऊ नये म्हणून." मला ते ऐकवेना. आयुष्यभर दुसऱ्यांना उठवणाऱ्या बाईला तिचीच माणसं अंधारात चोरून चोरून टाळत होती, आणि तीही मायेपोटी. बंद दारामागे ती जागीच असणार, हे मला शपथेवर सांगता आलं असतं.

रमझान अर्धा सरला तेव्हा मी ठिपक्यांची एक फणी घेऊन मांजरीला गेलो. बाजार आटोपून, भर दुपारी. उसाच्या शेतापलीकडे नव्या इमारती, लिफ्टला अजून प्लास्टिक लावलेलं. दार झोयाने उघडलं. ती आता बापाच्या खांद्याला लागली होती.

टीचर खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळी दोरी. पुढ्यात पातळ खिचडीची वाटी. त्या डाव्या हाताने चमचा उचलत होत्या आणि घास तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आत घेत होत्या. उजवा गाल अगदी स्थिर. म्हणजे झटका चेहऱ्यावरही आला होता तर. इम्रानने हे मला सांगितलं नव्हतं. मी दुसरीकडे बघत केळी टेबलावर ठेवली आणि हवापाण्याचं काहीतरी बोलायला लागलो.

"आजोबा," झोया माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दादींना तसं काही झालेलं नाही. त्यांचा रोजा आहे."

मी पुन्हा त्या स्थिर गालाकडे पाहिलं.

"चार दिवस झाले. मी अब्बूला म्हटलं, तू उठवत नसशील तर मी उठवीन. आता तोच उठवतो. वाटी पण तोच देतो."

टीचरांनी आमची कुजबुज ऐकली होती. त्यांनी घास नीट चावून गिळला, रुमालाने ओठ टिपले आणि फणीकडे हात केला. मी एक केळं सोलून दिलं. त्यांनी ते फिरवून ठिपके पाहिले, मान डोलावली, आणि कलती मान करून डाव्या बाजूने लहानसा तुकडा तोडला.

"मगरिबपर्यंत थांबा, भाऊ," त्या म्हणाल्या. "उजवी बाजू सोडायचीय."